सायकलवाल्यांनी रेड लाईटला थांबायचं का? इंदूरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सायकल चालवतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीत पण कोणी ना कोणी हाच विषय काढतं, आणि रविवारच्या राईडमध्ये तर यावर हमखास वाजतं. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाचं लिहूनच टाकतो.

सरळ सांगा, थांबायचं की नाही?

थांबायचं. पोलीस असो नसो, कॅमेरा असो नसो. एकदोन अपवाद आहेत ते खाली येतीलच, पण तिथे सुद्धा खाली उतरून सायकल हातात धरून चालायचंय, पॅडल मारत सटकायचं नाहीये.

पण कायद्याने सायकलला सिग्नल लागू होतो का? आमचे एक वकील काका म्हणतात होत नाही.

काका अर्धे बरोबर आहेत. आपला जो मुख्य कायदा आहे तो मोटार वाहन कायदा, १९८८ चा, आणि त्याच्या ११९ कलमात सिग्नल-बोर्ड पाळायचं जे बंधन आहे ते "मोटार वाहनाच्या चालकावर" आहे. सायकल मोटार वाहनात बसतच नाही. त्यामुळे २०१९ च्या दुरुस्तीनंतर जे दंड वाढले, म्हणजे १७७ कलमाचे पहिल्यांदा ५०० आणि परत केलं तर १५००, किंवा रेड तोडला म्हणून १८४ खाली १००० ते ५०००, ते साध्या पॅडलच्या सायकलसाठी लिहिलेले नाहीत. काका इथे थांबतात आणि चहा मागवतात.

पण गोष्ट तिथे संपत नाही ना. भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम बघा (जुन्या पीनल कोडमधलं २७९, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला), तिथे शब्द आहे "कुठलंही वाहन", मोटार असलंच पाहिजे असं नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेफिकिरीने चालवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता रिकाम्या चौराह्यावर रेड असताना हळूच निघालात म्हणून कोणी तुम्हाला २८१ लावणार नाही हे मलाही कळतं, पण रेड तोडून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाडलंत तर "सायकलला कायदाच नाही" हे कोर्टात चालणार नाही. शिवाय २०१९ च्याच दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या १३८ कलमात एक तुकडा जोडलाय, त्याने राज्य सरकारांना बिनमोटारीच्या वाहनांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार मिळालाय. म्हणजे दार उघडं ठेवलंय सरकारने.

मग चालान कटणार की नाही?

कॅमेरा नंबर प्लेट वाचतो. सायकलला प्लेट नाही. घरी मेसेज येणार नाही. चौराह्यावरचा ट्रॅफिकवाला मात्र थांबवू शकतो, झापू शकतो, आणि इंदूरमध्ये झापतात तेव्हा आजूबाजूचे चार जण पण सल्ला देऊन जातात.

ॲक्सिडेंट झाला तर चूक मोठ्या गाडीवाल्याचीच धरतात ना?

हा गैरसमज लोकांना फार महागात पडतो. पोलीस पहिल्यांदा केस मोटारवाल्यावर करतात हे बऱ्याचदा खरं असतं, पण नुकसानभरपाई ठरते ती क्लेम ट्रिब्युनलमध्ये, आणि तिथे समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो की सायकलवाल्याचा सिग्नल कुठला होता. अपघातात तुमचाही हात होता असं ठरलं की तेवढ्या हिश्श्याची रक्कम कापली जाते. आधी साक्षीदार शोधावे लागायचे, आता मोठ्या चौराह्यांवर कॅमेरे आहेत आणि पुढच्या दुकानाचा सीसीटीव्ही वेगळाच. म्हणजे जो कॅमेरा तुमचं चालान काढू शकत नाही तोच कॅमेरा तुमच्या घरच्यांचा क्लेम अर्ध्यावर आणू शकतो.

सिग्नल तर मोटारींसाठी बनलेत. मोटारी नसत्या तर सिग्नल लागलेच नसते. मग सायकलने का पाळायचे?

ऐकायला भारी वाटतं, पण इतिहास उलटा आहे. जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल लंडनला पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये लागला, तेव्हा रस्त्यावर मोटार नावाची चीजच नव्हती. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी माणसाला रस्ता ओलांडता यावा म्हणून तो लावला होता, लाल-हिरवे गॅसचे दिवे, हाताने फिरवायचे, रेल्वेच्या सिग्नलवाल्या इंजिनियरने बनवलेला. महिनाभरातच गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला, पुढे कित्येक वर्षं कोणी नाव घेतलं नाही. विजेचा लाल-हिरवा आला तो १९१४ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलंडला.

सांगायचं हे की सिग्नल मुळात पायी माणसासाठी आला. आणि पालासियाला झेब्रावर उभी असलेली काकू, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नातू, तिला मिळून मिळून काही सेकंद मिळतात ज्यात गाड्या थांबलेल्या असतात. त्यातून तुम्ही सुईंकन जाता. मोटारीचा आवाज तरी येतो, सायकलचा तोही येत नाही.

पण सायकलने कोणाला किती लागणार? फार तर खरचटेल.

तुम्ही ७० किलो, सायकल १५ किलो, स्पीड २०. समोर सत्तरीचे आजोबा. ते सायकलच्या धक्क्याने कमी आणि रस्त्यावर पडल्याने जास्त जखमी होतात, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस परत पहिल्यासारखा चालेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. एवढं बस आहे.

सगळेच तोडतात, मी एकटा का थांबू? मागचे हॉर्न मारतात ते वेगळंच.

हा खरा प्रश्न आहे, बाकी कायदा-बियदा आपण तोंडी लावायला घेतो. भंवरकुआंला संध्याकाळी उभं राहून बघा, कोचिंग सुटलेली पोरं, सिटी बस, ई-रिक्षा, टाइमरवर अजून ८ दिसतायत आणि अर्धा चौराहा निघालेला असतो. तिथे सायकल घेऊन थांबलात की तुम्हीच मूर्ख ठरता.

तरी मी थांबा का म्हणतो, तर सगळे तोडतात तिथे मार कोण खातं ते बघा. स्कूटरवाला तोडतो आणि ४० च्या स्पीडने पार होतो, समोरून हिरव्यावर येणाऱ्याला ब्रेक मारायला लावतो. तुम्ही त्याच्या मागे निघता १२ च्या स्पीडने. समोरच्याने स्कूटरसाठी ब्रेक मारला, शिवी दिली, आता रस्ता मोकळा समजून त्याने रेस दिली आणि तेव्हा तुम्ही बरोब्बर मधोमध असता. रेड तोडायला लागणारा पिकअप सायकलकडे नाही, साधा हिशेब आहे हा. दुसऱ्याच्या गाडीच्या जोरावर आपण नियम तोडायला जातो आणि मधेच उघडे पडतो.

हॉर्नचं म्हणाल तर डाव्या बाजूला, मागच्यांना जायला एक लेन मोकळी सोडून उभे राहा. रस्ता अडवला नसेल तर हॉर्न मारणारा दोन मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक शोधतो.

अहो पण थांबलो तर मागून बस चढेल की! चालू राहिलो तर निदान सगळ्यांच्या पुढे असतो.

जे लोक खरंच रोज सायकल चालवतात ते हे विचारतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. हिरवा झाला की एकदम पन्नास गाड्या सुटतात आणि त्यात सायकल डगमगत सुरू होते, ते पहिले तीनचार सेकंद सगळ्यात वाईट. त्या लोंढ्याच्या आधी निघून जावं असं वाटणं साहजिक आहे. बाहेर काही शहरांनी हे ओळखून उपाय केलेत, लंडनमध्ये काही चौकांत सायकलचा वेगळा छोटा सिग्नल असतो तो मोटारींच्या आधी हिरवा होतो, आणि स्टॉप लाईनच्या पुढे सायकलसाठी रंगवलेला चौकोन असतो. आपल्याकडे अजून ते नाही, म्हणून आपलं आपण बघायचं.

काय करायचं तर बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला कधी म्हणजे कधी थांबायचं नाही. ड्रायव्हरला ती जागा दिसत नाही, आणि लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, आतून कापत जातात, अगदी फुटपाथला घासून. तिथेच सायकलवाला उभा असतो, कारण त्याला आपण लहानपणापासून सांगितलंय बेटा कडेकडेने जा. त्यापेक्षा बसच्या पूर्ण मागे थांबा किंवा पूर्ण पुढे, इतकं पुढे की ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसेल. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही पण त्याला दिसत नाही असं धरून चाला. पुढे थांबताना चाक झेब्राच्या अलीकडे, झेब्रावर नाही.

आणि हिरवा झाला तरी एक श्वास घेऊन निघा, कारण आडव्या रस्त्यावरून शेवटचा एक भिया (आपला इंदुरी भाऊ) अजून यायचा असतोच.

यलो असेल तर काढून घ्यायची ना?

सायकलवर नाही. यलो साधारण ३ सेकंदांचा असतो आणि तो मोटारीच्या स्पीडच्या हिशेबाने ठेवलेला असतो. आता बघा, विजयनगर किंवा एबी रोडवरचा मोठा चौराहा या टोकापासून त्या टोकापर्यंत ४५ मीटर धरा. ४० च्या स्पीडने स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते, ४ सेकंदांत पार. तुम्ही १५ ने चालवता, सेकंदाला ४ मीटर आणि वर थोडं, म्हणजे ११ सेकंद. दुधाच्या केटल्या लटकवलेला गवळी १० ने चालला तर १६ सेकंद. यलोला आत शिरलात तर मधे पोचेपर्यंत तुमचा रेड झालेला असतो, पलीकडे पोचायच्या आत आडव्या रस्त्याचा हिरवा. म्हणजे तुम्ही काहीही तोडलेलं नाही, तरी मधोमध अडकलात.

म्हणून मोठ्या चौराह्यावर यलो तर सोडाच, टाइमरवर १० पेक्षा कमी उरले असतील तर मी थांबतोच. मागून रागावलेले लोक येतात. येऊ दे. पावसाळ्यात अजून आधी, रिमचे ब्रेक ओले झाले की पहिलं एक चक्कर नुसतं पाणी पुसण्यात जातं.

लेफ्ट तर फ्री असतो ना?

जिथे तसा बोर्ड किंवा वेगळी लेन आहे तिथेच. सगळीकडे डावीकडे वळायला मोकळीक आहे ही आपल्या शहराची पक्की समजूत आहे. आणि जिथे लेफ्ट फ्री आहे तिथे सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याने त्या लेनमध्ये थांबू नये, ते पण तितकंच खरं.

उजवीकडे वळायचं असेल तर? मधल्या लेनमध्ये जायची भीती वाटते.

जाऊ नका. दोन टप्प्यांत वळा. तुमच्या हिरव्यावर डाव्या कडेने सरळ जा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल उजवीकडे तोंड करून वळवून ठेवा आणि मग त्या रस्त्याच्या हिरव्यावर त्या गाड्यांबरोबर सरळ निघा. एक सिग्नल जास्त लागतो. गीता भवनला संध्याकाळच्या गर्दीत मधल्या लेनमध्ये हात दाखवत वळणारे शूर लोक मी बघितलेत, माझ्यात ती हिंमत नाही आणि आणायची पण नाहीये.

टी-जंक्शन आहे, रेड आहे, पण माझ्या डाव्या बाजूला रस्ताच नाही. तिथे थांबण्यात काय अर्थ?

फार अर्थ नाही, मान्य. हा पहिला अपवाद. उतरा, झेब्रावर कोणी असेल तर त्याला आधी जाऊ द्या, कडेने सायकल हातात धरून पुढे जा, परत बसा. सायकल हातात धरलेला माणूस पायी माणूसच असतो. वीस पावलं चालायला लागतं आणि त्यात कोणाला शंका येत नाही की हा आता काय करणार.

परदेशात सायकलला रेड माफ आहे म्हणतात, ते काय?

व्हॉट्सॲपवर येतं तितकं सोपं नाही ते. अमेरिकेत आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलवाल्यांना मोकळीक दिली, तिथे आज असं आहे की स्टॉपच्या बोर्डाला हळू करून, बघून जाता येतं, पण रेडला पूर्ण थांबायचं आणि मग आडव्या ट्रॅफिकला वाट देऊनच निघायचं. पॅरिसमध्ये काही चौकांत सिग्नलच्या खाली सायकलचं चित्र असलेला छोटा त्रिकोणी बोर्ड असतो, तो असेल तरच आणि त्याने दाखवलेल्या दिशेलाच रेडवर जाता येतं, पायी माणसाला आधी वाट देऊन. नेदरलँड्समध्ये पण उजवीकडे वळायची परवानगी बोर्ड असेल तिथेच. जर्मनीने २०२० मध्ये सायकलसाठी हिरव्या बाणाचा बोर्ड आणला, त्यात सुद्धा आधी थांबायची अट.

लक्षात येतंय का, कुठेही "वाटलं तर जा" नाही. आणि ते लोक उजवीकडून चालवतात, त्यांचा उजवा म्हणजे आपला डावा, नाहीतर कोणीतरी वाचून उद्या राजवाड्यावर प्रयोग करायचं.

आपल्याकडे असे बोर्ड लागावेत का? लागावेत, माझं मत आहे. सगळे चौराहे सारखे नसतात, काही ठिकाणी सायकलला डावीकडे सोडलं तर सगळ्यांचंच भलं होईल. पण ते कुठे सोडायचं हे बघून, मोजून ठरवलं पाहिजे. प्रत्येकाने आपापलं ठरवलं की ज्याची गाडी मोठी त्याचा नियम चालतो.

पहाटे साडेपाच, रस्त्यावर कुत्रं नाही, रेड ९० सेकंदांचा. तेव्हा पण?

आधी सिग्नल नीट बघा. रात्री-पहाटे बरेच सिग्नल ब्लिंकिंगवर असतात. लुकलुकणारा पिवळा म्हणजे हळू करून बघून जा. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा, बघा, मग जा. हे दोन वेगळे आहेत आणि बहुतेक लोक दोन्हीला सारखंच समजतात.

पक्का लाल असेल तर थांबा, नाहीतर उतरून झेब्रावरून चालत पार करा, हा दुसरा अपवाद. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मला भरोसा नाही कारण रिकामा रस्ता बघूनच रात्रभर चालवत आलेला ट्रकवाला पण "कुत्रं नाही" असंच म्हणत असतो.

रविवारच्या ग्रुप राईडला अर्धे पार झाले, अर्धे राहिले. मागच्यांनी काय करायचं?

थांबायचं, अजून काय. पुढच्यांनी पलीकडे कडेला थांबून वाट बघायची. सुपर कॉरिडोरला निघालेल्या ग्रुपमध्ये एकाने "चला चला चला" ओरडलं की वीस जण रेडमधून जातात आणि शेवटच्याला आडवी गाडी येते. पुढचा ओरडतो तो मागच्याच्या भरवशावर. महागडी सायकल, हेल्मेट, चष्मा, घड्याळात हृदयाचे ठोके, सगळं आहे, फक्त ९० सेकंद नाहीत. सिमरोलच्या घाटात यापेक्षा जास्त वेळ फोटो काढण्यात जातो.

सांवेर रोडला फॅक्टरीत सायकलने जाणाऱ्यांना पण हेच सांगणार का? त्यांना उशीर झाला तर पगार कापतात.

त्यांना सांगायचा अधिकार मला कमी वाटतो. आपण हौशी लोक, आणि ते गार्ड, हेल्पर, पेपरवाले, धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाया, खरे सायकलवाले तेच. दिवसभर उभं राहून परत येताना प्रत्येक रेडला पाय टेकवून पुन्हा वजन उचलून सुरू करायचं म्हणजे किती जड जातं हे ज्याची सायकल १८ किलोची आणि बिनागियरची आहे त्यालाच कळतं. नियम त्यांनाही तोच आहे, कारण आडवी गाडी पगार विचारत नाही, पण त्यांच्यावर डोळे वटारण्यापेक्षा नगरनिगमला विचारा की सायकलवाल्याला पार व्हायला जेवढे सेकंद लागतात तेवढे सिग्नलमध्ये धरले का, आणि सायकल ट्रॅकवर गाड्या पार्क का आहेत. कोपनहेगनमध्ये नॉरेब्रोगेड नावाच्या रस्त्यावर सिग्नल असे बसवलेत की सायकल २० च्या स्पीडने चालवत राहिली तर एकामागून एक हिरवेच लागतात. तिथले लोक मुळातच शहाणे आहेत असं नाही, त्यांना थांबायला कमी लागतं म्हणून पण ते थांबतात.

रेड आहे पण ट्रॅफिकवाला हात करून "जा जा" म्हणतोय?

जा. पोलिसाचा हात सिग्नलच्या वर. हायकोर्ट चौराह्यावर मूनवॉक करत ट्रॅफिक सांभाळणारे रणजीत सिंह देशभर माहीत झाले, तिथे तर लोक लाईटकडे बघायचेच नाहीत. उलटं पण लक्षात ठेवा, हिरवा आहे पण त्याने हात आडवा केला तर थांबायचं.

मागे ॲम्बुलन्स अडकली तर?

डावीकडे सरका, गरज पडली तर सायकल उचलून फुटपाथवर चढा, हा फायदा फक्त आपल्याकडे आहे. तिच्या पुढे पुढे रेडमधून पळू नका, आणि ती गेल्यावर तिच्या मागे चिकटून तर अजिबात नाही.

ई-सायकलचं काय?

मोटर २५० वॅटच्या आत आणि स्पीड २५ च्या आत असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत, वर लिहिलंय तेच सगळं लागू. त्यापेक्षा जास्त असेल तर ती गाडी आहे, नंबर, लायसन्स, चालान सगळं आलं. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा तिच्यावर लिहिलेलं बघा.

मुलगी आठवीत आहे, क्लासला सायकलने जाते. तिला काय सांगू?

लहान सिग्नलला थांबायचं आणि मोठ्या चौराह्यावर उतरून झेब्रावरून चालत जायचं, दोन-तीन वर्षं तरी. मैत्रिणी निघाल्या म्हणून निघायचं नाही, हे जरा जास्त वेळा सांगावं लागेल. आणि तुम्ही तिला स्कूटरवर मागे बसवून रेड तोडत असाल तर काही सांगू नका, उपयोग नाही.

थांबलं की तोल जातो, पाय नीट पोचत नाहीत, म्हणून थांबायचा कंटाळा येतो. काही उपाय?

सीटवर बसून पाय टेकवायला जाऊ नका, तिथेच सगळे डगमगतात. थांबता थांबता सीटवरून पुढे उतरा, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय, डावा पाय जमिनीवर, उजवं पॅडल वर आणून ठेवलेलं. गियर असतील तर थांबायच्या आधीच हलका टाका, थांबल्यावर बदलत नाही. हिरवा झाला की उजव्या पायाने दाबा आणि त्याच जोरात सीटवर बसा. घराच्या गल्लीत संध्याकाळी थोडं करून बघा, आठवड्याभरात हात बसतो.